पांढऱ्या पेशींना जखमेची वाट कशी सापडते?

उसाच्या फडात कोयता लागला किंवा पायात बाभळीचा काटा मोडला, की काही तासांत ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. यालाच वैद्यकशास्त्रात 'दाह' म्हणतात. पुढे जंतूंचा जोर वाढला तर पू होतो. पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. पण रक्तातून वाहणाऱ्या या पेशींना जखम नेमकी कोठे आहे हे कसे कळते?

जखमेतील पेशी व जंतू यांच्यापासून काही रसायने सुटतात. त्यामुळे जवळच्या रक्तवाहिनीचे आतील अस्तर पेशींना धरून ठेवण्याजोगे बनते. पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे 'ग्राहक' म्हणजे रिसेप्टर असतात. प्रथम त्यांची अस्तराशी सैल पकड बसते व पेशी गडगडत, सावकाश पुढे जाते. रसायनाचा संदेश मिळताच 'इंटिग्रिन' नावाचे ग्राहक घट्ट पकड घेतात. पेशी थांबते, अस्तराच्या फटीतून बाहेर पडते आणि रसायन जिकडे दाट, तिकडे सरकते.

काही बालकांत हे इंटिग्रिन जन्मतःच नसते किंवा फार कमी असते. पेशी भरपूर, पण त्या रक्तातच फिरत राहतात. हा दुर्मिळ दोष आई व वडील दोघांकडूनही आला तरच आजार होतो. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्याकडील चालीत त्याचा धोका वाढतो.

लक्षणे ध्यानात ठेवा. बाळाची नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत गळते. ती तीन-चार आठवडे गळली नाही, बेंबी लाल झाली, वारंवार जंतुसंसर्ग होऊ लागला, जखम चिघळूनही पू होत नाही आणि रक्तात पांढऱ्या पेशी वयाच्या मानाने फारच वाढल्या, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे. पू नाही म्हणजे जखम बरी, असे समजू नये. अर्थात, नाळ उशिरा गळणाऱ्या प्रत्येक बाळाला हा आजार असतोच असे नाही.

निदानासाठी पेशींवरील ग्राहक मोजण्याची खास रक्ततपासणी असते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत अशा बालकांचे निदान झालेले आहे. तीव्र आजारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा उपाय आहे. तो वेळेवर व्हावा लागतो. घरात पूर्वी तान्ही बाळे अशा संसर्गाने दगावली असतील, तर ते डॉक्टरांना न लाजता सांगावे.