पिल्लाला दोरीची सवय

आपल्या गावात कुत्रा कुणाच्या दारी नाही? कुणाचा मोत्या, कुणाचा खंड्या. तो शेतावर येतो, रात्री राखण करतो. पण त्याला दोरी लावून चार पावले न्यायचे म्हटले, की तो बसकण मारतो. मालक ओढतो, कुत्रा गुरगुरतो. शेवटी मालक म्हणतो, "मरू दे, राहू दे इथंच!"

हे "राहू दे" फार महागात पडते. कुत्रा पिसाळू नये म्हणून त्याला लस टोचावी लागते. ती जनावरांच्या दवाखान्यात टोचतात. दोरीने न येणारा कुत्रा तिथवर पोचतच नाही. आणि पिसाळलेला कुत्रा माणसाला चावला, रोगाची लक्षणे दिसू लागली, की मग त्याला वाचवणारे औषध नाही. म्हणून आम्ही म्हणतो, दोरी लहानपणीच शिकवा.

पिल्लू २ महिन्यांचे झाले की आरंभ करावा. आधी नुसता गळपट्टा बांधा. तो कापडाचा किंवा मऊ चामड्याचा, चांगला रुंद असावा. सुतळी बांधू नका. ती मानेत रुतते. पट्ट्याखाली आपली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पिल्लू भराभर वाढते, तेव्हा दर आठवड्याला बोटे घालून पाहा. पहिले दोन दिवस ते मान खाजवील, लोळेल, कुईकुई करील. करू द्या. पट्टा बांधून जेवायला घातले, म्हणजे विसरते.

मग पट्ट्याला हलकी, आखूड दोरी बांधून पिल्लाला अंगणात खेळू द्या. आपण तिथेच बसा. दोरी कुठे अडकली तर गळ्याला फास बसेल.

आता दोरी हातात घ्या. इथेच पुष्कळांचे बिघडते. दोरी हातात आली की माणसाला ओढावेसे वाटते. आपण पुढे ओढले, की पिल्लू मागे ओढते. शेतकऱ्याला हे काय सांगावे? नवा गोऱ्हा आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपतो काय? जुन्या, शांत बैलाशेजारी ठेवून त्याला हळूहळू शिकवतो. मग पिल्लाच्या वेळीच घाई का? त्याचा गळा तर फार नाजूक.

दोरी सैल ठेवून दोन पावले पुढे जा, खाली बसा, नावाने हाक मारा. हातात कोरड्या भाकरीचा तुकडा असू द्या. कालवण लावू नका. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. पिल्लू जवळ आले की "शाबास" म्हणून तुकडा द्या. ते भलतीकडे ओढू लागले, तर खांबासारखे उभे राहा. झटका नको, मार नको. दोरी सैल झाली की पुन्हा चाला. दोरी ताणली की चालणे थांबते, एवढे त्याला उमगले पाहिजे.

हा धडा ५ मिनिटांचाच. दिवसातून दोन-तीन वेळा, जेवणाआधी द्यावा. घरातल्या सर्वांनी शब्द मात्र एकच वापरावा. बापाने "चल" म्हणायचे आणि पोराने "हाड" म्हणायचे, मग पिल्लाने ऐकावे कुणाचे?

काही जण दोरी आली म्हणून कुत्र्याला दिवसभर खुंटाला बांधून ठेवतात. ते आम्हांला पसंत नाही. असा कुत्रा चिडखोर होतो.

लस होईपर्यंत पिल्लाला परक्या कुत्र्यांत नेऊ नका. ३ महिन्यांचे झाले की दोरीने दवाखान्यात न्या. लस टोचली तरी सावध असावे. कुणाला कुत्रा चावलाच, तर जखमेवर तिखट, चुना लावीत बसू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा.

कुत्र्याला लस टोचल्यावर डॉक्टरांकडून कार्ड मागून घ्या. पुढची लस कधी, ती तारीख त्यावर लिहून घ्या. आता ती तुम्हांला स्वतः वाचता येईल. कार्ड घडी करून रेशनकार्डात ठेवा.