नियम मोडला नाही, तरीही

शास्त्रभाग : अनुवाद 19:1-10, मत्तय 5:23-24, मत्तय 18:15
पाठांतरासाठी : इफिस 4:32

“माझी काही चूक नव्हती, मग मी का जाऊ?” हे उद्गार आपल्या मंडळ्यांत वारंवार ऐकू येतात. दोन घराणी एकाच मंदिरात बसतात, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात, परंतु वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारात जात नाहीत. या विषयावर विचार करण्यासाठी अमेरिकेतील एका खेळाडूचे उदाहरण घेऊ.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलहून निराळा खेळ आहे. चेंडू लांबोळा असतो. तो हातांनी फेकतात, झेलतात व घेऊन धावतात. दूरवर फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याला झेलू न देणे, अथवा झेलताच त्याला खाली पाडणे, हे बचावफळीच्या मागच्या गड्यांचे काम. जॅक टेटम हा असाच गडी होता. 1971 साली ओकलंड रेडर्स या संघाने त्याला घेतले. तेथे तो नऊ हंगाम खेळला व 1980 साली एक हंगाम ह्यूस्टनकडून खेळला. त्याने प्रतिस्पर्ध्यांचे 37 चेंडू मध्येच झेलले. जानेवारी 1977 मध्ये त्याच्या संघाने सर्वोच्च अजिंक्यपद मिळविले. त्याची धडक इतकी जबर असे की लोक तिला भीत.

12 ऑगस्ट 1978 रोजी ओकलंड येथे सरावाचा सामना होता. न्यू इंग्लंड पॅट्रिअट्सचा 26 वर्षांचा डॅरिल स्टिंगली हाताबाहेर गेलेला चेंडू पकडण्यासाठी पुढे झेपावला. समोरून टेटम आला व धडक झाली. स्टिंगलीच्या मानेचे मणके मोडले आणि तो जन्माचा अपंग झाला. पंचांनी दंड दिला नाही. त्या वेळच्या नियमांत ती धडक बसत होती. अशा धडकांविषयीचे नियम नंतरच्या काळात कडक झाले.

टेटमच्याच संघाचे प्रशिक्षक जॉन मॅडन रुग्णालयात स्टिंगलीला वरचेवर भेटत राहिले. टेटमची मात्र भेट झाली नाही. आपण भेटू पाहिले पण भेटू दिले नाही, असे तो सांगे. 1996 साली दूरचित्रवाणीवर भेट ठरली. पण टेटमच्या पुस्तकाच्या प्रसिद्धीशी तिचा संबंध आहे असे कळल्यावर स्टिंगलीने ती रद्द केली. आपण मनातून त्याला क्षमा केली आहे, असे मात्र स्टिंगली सांगत असे. पुढे मधुमेहामुळे टेटमचा पाय कापावा लागला, तेव्हाही स्टिंगलीने त्यात आनंद मानला नाही. 2007 साली स्टिंगली वारला, 2010 साली टेटम. समोरासमोर समेट राहूनच गेला.

आपण टेटमचा न्याय करण्यास बसलो नाही. आपल्याला शास्त्र काय सांगते ते पाहू.

1. अनुवादाच्या 19 व्या अध्यायात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते निसटून शेजारी मरतो. मारणारा खुनी नाही. म्हणून देव त्याला आश्रयाचे नगर देतो. पण त्याला घरदार सोडून तेथे राहावे लागते. हेतू नव्हता म्हणून झालेली हानी नाहीशी होत नाही.

2. मत्तय 5 मध्ये प्रभू येशू चूक कोणाची हे विचारत नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे एवढे आठवले, की अर्पण वेदीजवळ ठेवून निघायचे. मत्तय 18 मध्ये ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही तो “जा” असेच सांगतो. दोघांनी आज्ञा पाळली तर भेट वाटेतच होईल.

3. जाताना दुसरे काम हाती घेऊन जाऊ नये. लोकांनी पाहावे अथवा आपली बाजू उजळावी म्हणून केलेली भेट जखमेवर मीठ चोळते.

आपण देवाचे अपराधी होतो, तो आपला अपराधी नव्हता. तरी ख्रिस्तामध्ये प्रथम तोच आपल्याकडे आला. ज्याच्याकडे देव चालत आला, त्याने “मी का जाऊ?” असे कसे म्हणावे?

वर्गासाठी प्रश्न
1. निर्दोष असणे आणि समेट करणे यांत फरक कोणता?
2. मनातील क्षमा आणि समोर जाऊन केलेला समेट, दोन्हींची गरज का आहे?
3. पुढील प्रभुभोजनापूर्वी मी कोणाच्या घरी जावे? (उत्तर मोठ्याने सांगू नये, प्रार्थनेत देवाला सांगावे.)