राहेलीची सुईण
अभ्यासासाठी उतारा : उत्पत्ती ३५:१६–२०



हा उतारा वाचताना आपले लक्ष याकोबाकडे जाते. आज सुईणीकडे पाहू या. बेथेलहून निघालेले कुटुंब एफ्राथास पोहोचण्याआधीच राहेलीला वाटेत वेणा सुरू झाल्या. प्रसूती कठीण होती. सुईणीच्या हाती फारसे काही नव्हते, तरी तिने राहेलीची भीती घालवण्याचा प्रयत्न केला आणि मुलगा होत असल्याचे सांगितले. राहेल वाचली नाही. पवित्र शास्त्राने सुईणीचे नाव दिले नाही, पण तिने दिलेला धीर नोंदवून ठेवला.

वाटेवरचे बाळंतपण बीड जिल्ह्याला नवे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल फेडायची असल्याने दिवस भरत आलेली बाईही मोळ्या वाहते. वेळ येते तेव्हा दवाखाना अनोळखी असतो.

काही वर्षांपूर्वी एका पारधी भगिनीला मी प्रसूतीसाठी दवाखान्यात नेले होते. पडदा नव्हता, सासूला बाहेर बसवले होते. कळांनी ती ओरडली, तेव्हा तिच्या जातीवरून आणि लेकरांच्या संख्येवरून तिला बोलणी बसली. मी दारातून म्हणाले, "गप राहा, नाहीतर हाकलून देतील." बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. माझ्या अहवालात मी लिहिले : सुरक्षित प्रसूती.

पुढच्या खेपेस ती पालावरच बाळंत झाली. रक्तस्राव थांबेना, तेव्हा निरोप आला. देवाच्या कृपेने ती वाचली. नंतर मला म्हणाली, "ताई, कळा सोसवत्यात, बोलणं सोसवत न्हाई. आन् तुमी बी त्यांच्याच बाजूनं बोललात."

त्या दिवसापासून अहवालातला तो शब्द मी सहज लिहीत नाही.

आपण काय जाणून घ्यावे? सन २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, आहार आणि ने-आण मोफत आहे. २०१७ साली सुरू झालेल्या 'लक्ष्य' उपक्रमात प्रसूतिगृहातील खाजगीपणा, सन्मानाची वागणूक आणि सोबतीण यांना स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये मातेच्या पसंतीच्या सोबत्याची शिफारस केली. सोबतीण ही शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, नात्यातली स्त्री असावी. ती उपचारात ढवळाढवळ करत नाही. हात धरते, पाणी देते, धीर देते. राहेलीच्या सुईणीने हेच तर केले.

परिचारिकांचाही विचार करू. एकाच पाळीत अनेक बाळंतपणे सांभाळताना त्या थकतात. त्यांतल्या कित्येक आपल्याच मंडळ्यांतील भगिनी आहेत. त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांच्यासाठी आपण कधी प्रार्थना केली, हे स्वतःला विचारू.

आता आम्ही वस्तीवर सातव्या महिन्यातच सोबतीण ठरवतो आणि माता-बाल कार्ड ऊसतोडीला सोबत न्यायला सांगतो. प्रसूतीनंतर आईला दोन प्रश्न विचारतो : तुझ्याशी कोण कसे बोलले? पुन्हा तिथे जाशील का?

भगिनी मंडळात चर्चेसाठी :
१. आपल्या बाळंतपणातला कोणाचा शब्द आजही आठवतो?
२. आपल्या गावातून कोणाची सोबतीण होता येईल?

प्रार्थना : हे प्रभू, तूही प्रवासात, परक्या गावी जन्मलास. भ्यालेल्या आईजवळ आम्हांला उभे कर आणि आमच्या तोंडी धीराचा शब्द दे. आमेन.