आधी तारीख, मग ताव

बाळा, परवा काळेवाडी फाट्यावर तू तावातावाने सांगत होतास, आता पालिकेवर दावाच लावतो. लाव की! हक्काचंच भांडण आहे. फक्त आत्याचं एवढं ऐकून जा.

१. दाव्याआधी पालिकेला लेखी नोटीस दे आणि महिनाभर थांब, सरकार असेल तर दोन महिने — घाईचा दावा उंबऱ्यातच अडतो. पण थांबता थांबता झोपू नकोस, पालिकेच्या कामाबद्दल दावा लावायला सहाच महिने असतात. घर पाडायचीच वेळ आली असेल, तर त्याच दिवशी वकिलाकडे पळ.

२. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का तारखेसकट घे — बिनशिक्क्याचा अर्ज म्हणजे विहिरीत मारलेली हाक.

३. कोर्टाची तारीख फोनमध्ये असू दे, पण ओट्याजवळच्या कॅलेंडरवरही लिही, आणि चाकणच्या सुपरवायझरला आठवडाभर आधी सांग. सेकंड शिफ्ट करून मी एकदा सकाळी झोपून राहिले, आणि गैरहजर म्हणून दावा निकाली निघाला — ३० दिवसांत अर्ज केला म्हणून तो पुन्हा उभा राहिला.

४. शिवाजीनगरच्या कोर्टात जायचं तर पिंपरीहून मेट्रो धर, कोर्टाजवळच उतरशील — पुकारा झाला तेव्हा तू ट्रॅफिकमध्ये होतास, हे रोजनाम्यात कोणी लिहीत नाही.

५. मनाई हुकूम कितीही टोचला तरी मोडू नकोस, कोर्टातूनच उठवून घे. महाडचं आठव. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला आपली माणसं पाणी प्यायली. डिसेंबरात सवर्णांनी दावा लावला, १४ तारखेला तात्पुरती मनाई आली. २५ ला हजारो लोक जमले होते, जिवावर उदार होऊन. तरी बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलला, आणि पुढच्या फेब्रुवारीत ती मनाई उठली. त्या दिवशी परत फिरणाऱ्यांना काय वाटलं असेल, ते मनात आलं की अजून घशात दाटतं.

६. कागद जपून ठेव — महाडच्याच दाव्यात १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात सवर्ण हरले, कारण आपल्या माणसांना तळ्यावर मज्जाव करायची फार पूर्वीपासूनची रूढी आहे असं ते म्हणत राहिले आणि ती सिद्ध मात्र करू शकले नाहीत. जवळजवळ दहा वर्षं लागली. तुला तर दुसऱ्याच तारखेला कंटाळा येईल, ओळखते मी तुला.

७. उलट दावा आला तर बेलिफाला दारातून परतवू नकोस — समन्स नाकारलं तरी बजावलं असं धरलं जातं, आणि कैफियतीचे ३० दिवस तुझ्या रुसव्यासाठी थांबत नाहीत.

८. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाक — जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस असतात. नक्कल मिळेपर्यंतचे दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज करायला तू घालवलेले दिवस नाहीत.

९. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा — बायका आणि अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

रविवारी सगळे कागद घेऊन ये. तारखेप्रमाणे लावू आणि दोऱ्याने ओवू, दाभण आहे माझ्याकडे.