सोबतीला जाणारीला चार गोष्टी

अगं, पहिलं हे ऐक: तुझ्या सोबतीत किती जणी ‘नॉर्मल’ झाल्या, याची वही ठेवू नकोस. बाळंतपण बाई करते, अडलं तर डॉक्टर करतात. आपण डूला, आपण सोबतीला असतो. महाराष्ट्रात साधारण चारातलं एक बाळंतपण सिझेरियननं होतं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तसंच दिसलं. त्या चौथीला तुझी गरज बाकी तिघींपेक्षा जास्त. ‘नॉर्मल’ची फुशारकी मारणारी डूला तिला नुसत्या नजरेनं नापास करून टाकते.

जिच्या सोबतीला जाणार, तिच्याबरोबर छत्तिसाव्या आठवड्याच्या आत दवाखान्यात जाऊन ये. डॉक्टरांना भेट, सिस्टरला त्याहून आधी भेट. डूलाला आत घेतात का, नवऱ्याला घेतात का, कळांत चालू देतात का, हे तेव्हाच विचारून घे; रात्री दोन वाजता दारात वाद नको. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी एक बाई सोबतीला असू द्यावी, असं केंद्राचं धोरण २०१६ पासून आहे. पण एकच. तिथे बहुधा तिची आई किंवा सासू आत जाईल, तू बाहेर राहशील. मग तुला येतं ते त्या माउलीला आधी शिकवून ठेव. हात कुणाचाही असो, ओळखीचा असावा.

आता कळांचं. कळा मोजताना एकीच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत मोज. पहिलटकरणीला पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐकायचं. पाणी गेलं तर वेळ आणि रंग बघून दवाखान्यात कळव. हिरवट असेल, रक्त जात असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल किंवा सदतीस आठवडे भरायच्या आत कळा लागल्या असतील, तर घड्याळ बाजूला ठेव आणि निघ.

दवाखान्यात गेल्या गेल्या नळ्या-यंत्रं बघत बसू नकोस, तिचा जबडा बघ. दात आवळलेले असतील तर खांदे वर चढलेले असतात, मुठी वळलेल्या असतात. ‘रिलॅक्स हो’ म्हणून कुणी सैल होत नाही. तूच हळू, लांब श्वास सोड, ती मागोमाग सोडेल. कंबर फार दुखत असेल तर माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं दाब दे. कळ चढताना द्यायचा, उतरली की हात सैल करायचा. चोळत बसू नकोस, कळांत पुष्कळ जणींना चोळलेलं सोसत नाही. गरम पिशवी टॉवेलात गुंडाळून दे. पण एपिड्युरलचं बधिर करणारं इंजेक्शन घेतलं असेल तर मुळीच नाही, तिला चटका कळणार नाही. दर दोन तासांनी लघवीला उठव. डॉक्टरांची ना नसेल तर घोट घोट पाणी, नारळपाणी दे. उताणी पडून राहू देऊ नकोस. खुर्चीवर उलटी बसव, खिडकीचे गज धरून झुलू दे, जमलं तर हातागुडघ्यांवर येऊ दे. जोर करावासा वाटतोय म्हणाली, की त्याच क्षणी सिस्टरला हाक मार.

गर्भपिशवीचं तोंड ताशी एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना ठोकताळा जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये मागे टाकला. पाच सेंटिमीटरच्या आधी तर वेग आणखी मंद असू शकतो. ‘अजून तीनच?’ असं नातेवाइकांनी तिच्यासमोर म्हटलं, तर त्यांना चहाला पाठव.

शेवटाकडे ती म्हणेल, ‘मला नाही होत, काढा एकदाचं.’ बऱ्याचदा बाळ जवळ आल्याची ती खूण असते. पण नेहमीच नसते, म्हणून तिचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस. डॉक्टर सिझर म्हणाले आणि घाई नसेल, तर तिलाच विचारू दे: कशासाठी, थांबलो तर काय होईल, दुसरं काही करता येईल का? बाळाचे ठोके मंदावत असतील तर तू मुकाट्यानं भिंतीला लाग. आतली तपासणी, औषध, सल्ला यांतलं काहीच आपलं नाही. पंधरा हजारांवर बायकांच्या एकत्रित अभ्यासांत अखंड सोबतीनं सिझर कमी झाल्याचं दिसलं आहे. ते सोबतीनं झालं, डॉक्टरांशी भांडून नव्हे.

नवऱ्याला काम दे. रिकामा उभा राहिलेला पुरुष घाबरतो, नाहीतर मोबाइल काढतो. दाब कुठे द्यायचा ते दाखव, आणि आधी त्याला खाऊ घाल.

बाळ आल्यावर खरी परीक्षा आजीपाशी. तिनं मधाची बाटली आणलेलीच असते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. हे पाहुण्यांसमोर तू सांगू नकोस, सिस्टरकडून सांगव. बाळ आईच्या उघड्या छातीवर, पहिल्या तासातच चीक. घरी बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं हे तर अजिबात नको. पाजणारीला तहान लागते. मात्र अळिवाच्या खिरीला मोडता घालू नकोस. अळिवात लोह भरपूर असतं, तिथे आजी बरोबर आहे. तिचं एक मान्य केलंस तर ती तुझी दोन ऐकेल.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई उगीच रडते, त्याला घाबरू नकोस. दोन आठवड्यांनंतरही रडणं थांबेना, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर डॉक्टर. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर लावून ठेव. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतंय म्हणाली, तर एक दिवसही थांबायचं नाही आणि तिला एकटं सोडायचं नाही. तासाभरात पॅड भिजत असेल, ताप आला, डोकं फुटायची वेळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा एकच पोटरी सुजली, तर उद्यावर टाकू नकोस, १०८ लाव.

पैशाचं आधीच बोल, सिझर झालं तरी तेच राहतील हेही सांग. आणि एका महिन्यात दोनच तारखा घे. तिसरी आली तर दुसऱ्या चांगल्या डूलाचं नाव दे. दोघींच्या कळा एकाच रात्री सुरू होतात, आणि तेव्हा अर्धी सोबत कुणाच्याच कामाची नसते.