एक गुंठा भाजीचा मळा

एक गुंठा म्हणजे एकराचा ४० वा भाग. विहिरीच्या पाटाजवळ एवढी जमीन असली, तरी कुटुंबास भाजीची ददात पडूं नये. परंतु सर्व जमीन एकदम पेरली, तर सारी भाजी एकदमच तयार होते. त्या दिवशीं भाव पडला कीं ती गुरांपुढें टाकावी लागते, आणि पुढील महिन्यांत घरांत भाजीचें पानही नसतें, असें आम्ही खेडोपाडीं पाहतों. म्हणून लहान वाफे करून मेथी दर आठवड्यास एकाच वाफ्यांत पेरावी. ती सुमारें ३० दिवसांत काढणीस येते; तेव्हां ५ वाफ्यांचा फेरा अखंड चालतो.

वांगीं, मिरची व टोमॅटो हीं एकाच कुळांतील. एकाचा रोग दुसऱ्यास लागतो. यास्तव त्यांच्यामागून गवार किंवा घेवडा घ्यावा. शेंगवर्गाच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात, हें हेलरीगल ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ सालीं दाखविलें. पालापाचोळा व शेण कुजवून खत करण्याची रीत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें बसवून १९३१ सालीं प्रसिद्ध केली. तिला बहुतेक घरचेंच सामान पुरतें.

आतां वाटणी. पहिली टोपली लेंकरांच्या ताटासाठीं, दुसरी शेजारच्या बाळंतिणीस व आजाऱ्यास, आणि उरलेली बाजारास. हा क्रम उलटला तर पैसा हातीं येतो, पण चहाविडींत जातो, आणि लेंकरें कोरडी भाकर खातात. मळा कोणासाठीं केला, हें आम्हीं विसरूं नये.