आधी अंगण बघ, मग कोंबडी

पोरी, परवा तू फोनवर विचारलंस, "आत्या, सगळ्यांत जास्त अंडी देणारी कोंबडी कोणती?" मी पटकन उत्तर दिलं नाही, कारण ते एका नावात मावत नाही. हाच प्रश्न मी नवी नवरी असताना सासूबाईंना विचारला होता. त्या म्हणाल्या, "आधी अंगण बघ, मग कोंबडी." मला ते पटायला वीस कोंबड्या गेल्या. तुझ्या जाऊ नयेत म्हणून सगळं लिहून पाठवतेय.

झालं असं, की कुणीतरी सांगितलं, लेगहॉर्न वर्षाला ३०० अंडी देते. मी हौसेनं वीस तलंगा आणल्या आणि आमच्या माणदेशातल्या उघड्या अंगणात सोडल्या. त्या अंगानं हलक्या, रंगानं पांढऱ्याशुभ्र. घारीला वरून लगेच दिसायच्या. मुंगसानंही हात साफ केला. उरल्या त्यांना मी गावठीसारखी मूठभर बाजरी टाकत राहिले. चैत्राच्या उन्हात त्यांनी अंडी जवळजवळ बंदच केली. दोष कोंबडीचा नव्हता. ३०० अंडी देणाऱ्या लेगहॉर्नला रोज ११० ग्रॅमच्या आसपास खास लेअर खाद्य, दिवसाला १५-१६ तास उजेड आणि डोक्यावर सावली मिळते. तिच्यामागचा हा खर्च मी विचारलाच नव्हता.

घरात किती अंडी लागतात, ते मोज

तुमच्या घरात चार माणसं. दिवसाला दोन-तीन अंडी पुरतात. सहा गावठी कोंबड्या ठेवल्यास तर वर्षाला प्रत्येकी साधारण ६० धर, म्हणजे दिवसाला एक अंडं. ग्रामप्रिया सहा ठेवल्यास तर परसात प्रत्येकी १६० ते १८०, म्हणजे दिवसाला पावणेतीनच्या आसपास. पण दाणा? गावठी किडा-मुंगी, हिरवा पाला, खळ्यातलं सांडलेलं खाऊन निम्मं पोट भरते. ग्रामप्रियेला फिरून खाल्ल्यावरही घरून ५०-६० ग्रॅम लागतं. सहा कोंबड्यांचं महिन्याला १० किलो झालं. अंडी मोजताना हा दाणाही मोज.

आपल्याकडे मिळणाऱ्या जाती

*गावठी.* वर्षाला ५० ते ८० अंडी, आकारानं लहान. पण ऊन, पाऊस, घार सगळ्यांतून तरते आणि पिल्लं स्वतः वाढवते.

*ग्रामप्रिया.* हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसासाठीच तयार केलेली. अंड्यांसाठी घरी पाळायची तर माझा पहिला कौल हिला. अंडं मोठं, ५५ ग्रॅमच्या पुढं. खुराक चांगला दिलास तर वर्षाला २०० पर्यंत जाते.

*वनराज.* त्याच संस्थेची, पण अंगानं भारी. अंडी १०० ते ११०. नर विकून चार पैसे करायचे असतील तर ही घे. नुसत्या अंड्यांसाठी नको.

*गिरिराज.* बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातली. अंडी १३० ते १५०. रंगीत असल्यानं झाडाझुडपात लपते. भारी शरीरामुळे उडता येत नाही, म्हणून कुत्र्यापासून जपावी लागते.

*ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प.* दोन्ही परदेशी, पण आपल्याकडे चांगल्या रुळलेल्या. अंडं तपकिरी. ऑस्ट्रलॉर्पच्या सहा कोंबड्यांनी १९२२-२३ मध्ये ऑस्ट्रेलियात ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली होती. त्या स्पर्धेतल्या कोंबड्या होत्या, त्यांचं खाणंपिणं तोलूनमापून होतं. आपल्या अंगणात तो आकडा शोधू नकोस. या शुद्ध जाती असल्यानं त्यांच्या लेकी आईसारख्या निघतात, हा मोठा फायदा.

*असील.* झुंजीची जात. अंडी जेमतेम ३०-४०. आई म्हणून मात्र हिच्यासारखी दुसरी नाही.

रंगाला भुलू नकोस

कडकनाथचं नाव तू घेतलंस. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून सगळ्यांना तो हवा झाला. पण ती अंड्यांची कोंबडी नाही. वर्षाला ८० ते १०० अंडी, आणि अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. काळं अंडं म्हणून कुणी दाखवलं तर घेऊ नकोस.

तपकिरी अंडं म्हणजे गावठी आणि पांढरं म्हणजे कमअस्सल, हाही गैरसमज. टरफलाचा रंग जातीवरून ठरतो. बहुतेक वेळा कानाची पाळी पांढरी असेल तर अंडं पांढरं, तांबडी असेल तर तपकिरी. आतला बलक गडद हवा असेल तर कोंबडीला मेथी-शेपूची देठं, लसूणघास, पिवळा मका दे.

खुडूक होणं हा दोष नाही

जास्त अंडी देणाऱ्या जातींतून अंड्यावर बसायची सवय माणसानंच काढून टाकली आहे. ग्रामप्रिया, लेगहॉर्न सहसा खुडूक होत नाहीत, म्हणूनच अंडी देत राहतात. गावठी मात्र १५-२० अंडी झाली की फुगून बसते, क्लुक-क्लुक करते आणि अंडी थांबवते. लोक तिला पाण्यात बुडवतात. तू तसं करू नकोस. तिला रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसव.

म्हणून माझा कानमंत्र असा: पाच ग्रामप्रिया आणि एक गावठी. अंडी पाचींची, आईपण सहावीचं. सात दिवसांच्या आतली अंडी घे, स्वच्छ आणि मध्यम आकाराची. गावठीची असतील तर दहा-बारा, ग्रामप्रियेची मोठी असतात, ती आठ-नऊच ठेव. आठव्या दिवशी रात्री बॅटरीसमोर धरून बघ. शिरांचं जाळं दिसलं तर ठेव, नितळ दिसलं तर काढ. एकविसाव्या दिवशी पिल्लं टरफल फोडतात.

पिल्लं हवी असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा लागतो. नुसती अंडी खायची असतील तर कोंबडा नसला तरी चालतं.

एक ध्यानात ठेव. ग्रामप्रिया, गिरिराज, वनराज हे संकर आहेत. त्यांची घरची पिल्लं निघतात, जगतातही, पण आईइतकी अंडी सगळ्याच लेकी देत नाहीत. मी दोन वेळा करून बघितलं. दोन वर्षांनी नवी पिल्लं आणावी, हेच बरं.

पिल्लं कुठून आणि कोणत्या वयाची

पुण्यात खडकीला, तसंच कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. आधी नोंदणी कर, गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी कर. बाजारात पाटीत घेऊन बसलेल्याकडून रंगवलेली पिल्लं घेऊ नकोस. ती बहुतेक लेअर हॅचरीतून टाकून दिलेले नर असतात.

एक दिवसाचं पिल्लू स्वस्त, पण पहिल्या आठवड्यात त्याला ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते आणि पुढं महिनाभर ती हळूहळू उतरवत न्यावी लागते. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत, लांब पळाली तर तापलीत, आणि सगळीकडे पसरून दाणे टिपत असतील तर ऊब बरोबर आहे. पहिल्याच वर्षी हे जमत नसेल तर सहा-आठ आठवड्यांची, लस झालेली पिल्लं घे. महाग पडतात, पण हातात उरतात.

मानमोडीची लस चुकवू नकोस. सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, आठव्या आठवड्यात इंजेक्शन. आमच्या गल्लीत एका उन्हाळ्यात मानमोडीनं आठवड्यात खुराडी रिकामी केली होती. लस झालेली तेवढी वाचली.

कोंबडी हातात घेऊन पारख

तयार कोंबडी विकत घेणार असलीस तर आधी तुरा बघ. लाल, मऊ, भरलेला तुरा म्हणजे ती अंड्यावर आहे. मग तिला काखेत धरून शेपटीखालची दोन हाडं चाचप. मध्ये दोन-तीन बोटं मावली तर अंडी चालू आहेत, एकच बोट गेलं तर बंद. पाय पिवळे असणाऱ्या जातीत खूप अंडी दिलेल्या कोंबडीचे पाय फिके पडतात, कारण तो पिवळेपणा बलकात जातो. पिवळेधमक पाय दिसायला छान, पण अंडी कमी. आणि दोन वर्षांवरची कोंबडी अंड्यांसाठी घेऊ नकोस.

अंडी घटली तर जात बदलू नकोस

आधी दिवस बघ. मार्गशीर्ष-पौषात उजेड कमी, तेव्हा अंडी घटतातच. हवं तर पहाटे दोन-तीन तास दिवा लाव. पिसं झडत असतील तर दोन महिने धीर धर. टरफल पातळ झालं असेल तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेव, लागेल तेवढा त्या खातात. घरची टरफलं दिलीस तर भाजून बारीक कुटून दे, नाहीतर अंडी फोडायची खोड लागते. उन्हाळ्यात पाणी दोनदा बदल आणि मातीच्या भांड्यात ठेव. एवढं करूनही कमी पडली, तर खुराड्यामागच्या वैरणीत हात घाल. तिथं लपून घातलेली अंडी सापडतील.

कॅलेंडरवर रोजची अंडी लिही. सासूबाई भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढायच्या. वर्षाच्या शेवटी तुला कुणाला काही विचारायची गरज उरणार नाही. तुझं अंगणच सांगेल, तिथं कोणती कोंबडी नांदते.

पाच ग्रामप्रिया तू आण. सहावी माझ्याकडून. माझी तांबडी गावठी येत्या पंधरा दिवसांत खुडूक होईलसं दिसतंय. अंधार पडल्यावर डालग्यात घालून तिला तुझ्याकडे पाठवते. खुडूक कोंबडी रात्रीच हलवावी, म्हणजे सकाळी नव्या जागी बिनबोभाट बसून राहते. तोवर टोपलीत भुसा घालून कोपरा तयार ठेव.